हन्नाबाईंनी उतरवलेले फोटो

भिंगारच्या जुन्या बाजारात हन्नाबाई पारधे दिसल्या की दुकानदार आवाज खाली आणतात. वय सत्तरीच्या पुढे, पाठ अजून ताठ आणि जीभ त्याहून ताठ. नवरा यशया याच बाजारात फोटो स्टुडिओ चालवायचा. जवानांचे ओळखपत्राचे फोटो, लग्नं, बाप्तिस्मे सगळं तोच करायचा. तो गेल्यावर स्टुडिओ बंद झाला. बाई मात्र कुणाच्या आधाराला गेल्या नाहीत, आणि कुणी आधार देऊ केला तर त्यात त्यांना अपमान दिसायचा.

गेल्या वर्षी पुतण्या जस्टिन त्यांच्याकडे आला. चर्चच्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवायचं होतं.

"काकू, काकांनी बहात्तरच्या दुष्काळात काढलेल्या स्लाइड आहेत ना? त्यांचे मोठे फोटो करून लावू."

"काकांनी काढलेल्या? त्यातल्या निम्म्या मी काढल्यात."

जस्टिन हसला. "तुम्ही बरोबर असायच्या, माहितीये मला."

ते हसू बाईंना झोंबलं. दुष्काळात एका संस्थेसाठी यशया गावोगाव फिरला, तेव्हा नवी नवरी हन्ना त्याच्यासोबत होती. खडी फोडणाऱ्या बाया त्याला बघितलं की पदर ओढून पाठ फिरवायच्या. मग तो कॅमेरा हन्नाच्या हातात द्यायचा आणि लांब जाऊन उभा राहायचा. काष्टीकडच्या कामावर केशरबाई नावाची बाई हातोडा खाली न ठेवता तिच्याकडे बघून मोठ्यांदा हसली होती. हन्नानं टिपलेला तो फोटो पुढे स्टुडिओत कितीतरी वर्षं लागला होता. लोक तारीफ करायचे आणि यशया मान डोलवायचा.

आपल्या स्लाइड वेगळ्या काढायच्या म्हणून बाईंनी माळ्यावरची लाइटपेटी उतरवून घेतली. पत्र्याची पेटी, वर दुधी काच, आत दोन छोट्या ट्यूब. काचेवर स्लाइड ठेवली की खालच्या उजेडात रंग नीट दिसायचे. बाईंनी बटण दाबलं. ट्यूबची टोकं लाल झाली, पेटी गुणगुणली, पण उजेड पडला नाही. थोड्या वेळानं जळका वास आला.

पेटी सत्तारच्या दुकानात गेली. पंखे, मिक्सर, कूलर सगळं तो दुरुस्त करायचा. बाईंशी त्याचं आधीच एकदा मिक्सरवरून वाजलं होतं.

"चोक जळलाय," तो म्हणाला. "आता हे कोन वापरतं? आत एलईडीची पट्टी टाकून देतो."

"चोकच बदल."

"मिळत न्हाई."

"मिळत नाही, का शोधायचा नाही?"

सत्तारनं पट्टीच टाकली. बाई पेटी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी पिशवीतून एक स्लाइड काढून तिथंच काचेवर ठेवली. काचेतून पट्टीचे ठिपके रांगेनं दिसत होते. केशरबाईचं लालभडक लुगडं मातकट झालं होतं.

"हे काय करून ठेवलंस?"

"उजेड पडला ना?"

"उजेड तर रस्त्यावरही पडतो. मला रंग बघायचेत."

"बाई, तुमचं काम मला नकोच. मिक्सरच्या वेळी बी असंच केलं तुमी. उचला आन् न्या."

बाईंनी पेटी उचलली नाही. दुकानाच्या तोंडाशी स्टूल ओढून त्या बसल्या. गिऱ्हाईक आलं की त्यांना वळसा घालून आत जायचं. कुणी विचारलं तर त्या सांगायच्या, "काम बिघडवून घ्यायचं असेल तर जा आत." शेवटी सत्तारनं मागच्या ढिगातून एक जुनी ट्यूबपट्टी आदळत बाहेर काढली आणि तिचा चोक सोडवला. गंजलेले होल्डर घासले, नवा स्टार्टर बसवला. ट्यूब दोनदा फडफडल्या आणि लागल्या.

"झालं समाधान? आता पुन्हा येऊ नका."

"बिघडली तर येणारच," असं म्हणून बाई पेटी घेऊन निघाल्या.

घरी त्यांनी दोन ढीग केले. यशयाच्या ढिगात तलावाचं काम, आभाळ, लांबून दिसणाऱ्या मजुरांच्या रांगा. त्यांच्या ढिगात चेहरे. त्यातल्या काहींत मागे छत्री धरून खुद्द यशया उभा होता. जस्टिन आला तेव्हा बाईंनी त्याला पेटीपुढे बसवून ते दाखवलं.

"कॅमेऱ्याला टायमर लावला असेल काकांनी," जस्टिन म्हणाला.

"टायमरकडे बघून बाया अशा हसतात?"

त्यानं ती स्लाइड पुन्हा निरखली. मग म्हणाला, "बरं, लावतो तुमचं नाव. द्या स्लाइड."

प्रदर्शन रविवारी उपासनेनंतर उघडलं. प्रत्येक फोटोखाली छापलं होतं, 'छायाचित्र : यशया पारधे'. दाराशी एका पुठ्ठ्यावर 'विशेष आभार : श्रीमती हन्ना पारधे'.

बाईंनी तो पुठ्ठा वाचला. मग आत जाऊन त्यांनी भिंतीवरून आपले फोटो उतरवायला सुरुवात केली. जस्टिन धावत आला. त्यानं त्यांचं मनगट धरलं.

"काकू, लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच बोलावलंस ना? हात सोड."

पाळकसाहेबांनी पुढे होऊन विचारलं, "बाई, हे काय चाललंय?"

"चोरीला गेलेलं घेऊन चाललेय."

केशरबाईचा फोटो उंचावर होता. मदतीला कुणी हललं नाही. बाईंनी बाक ओढला, त्यावर चढून फोटो काढला. उतरताना तोल गेला, चौकट बाकावर आपटली आणि काच फुटली. काचा तिथंच टाकून, उतरवलेले सगळे फोटो छातीशी धरून त्या चालत घरी आल्या. मागे भिंतीवर त्यांच्या फोटोंच्या जागी नुसते खिळे उरले.

जस्टिननं स्लाइड एका रिक्षावाल्याबरोबर पिशवीतून पाठवून दिल्या. निरोप नव्हता. नाताळला त्याच्या घरून फराळाचं ताट आलं नाही, बाईंनीही पाठवलं नाही. चर्चमध्ये त्या आता दुसऱ्या बाजूच्या बाकावर बसतात.

जस्टिनवरचा राग त्यांना फार दिवस पुरला नाही. तो पोरगा तेव्हा जन्मलाही नव्हता. पण यशयाला सगळं माहीत होतं, आणि लोक केशरबाईच्या फोटोची तारीफ करायचे तेव्हा तो मान डोलवत राहिला. "एकदा, एकदा तरी त्यांनी सांगायचं होतं," त्या शेजारच्या ज्योतीला म्हणाल्या, आणि ती काही बोलायच्या आत म्हणाल्या, "तू त्यांची बाजू घेऊ नकोस."

ते सगळे फोटो आता बाईंच्या पुढच्या खोलीत आहेत. प्रत्येकाखाली जाड मार्करनं त्यांचं नाव लिहिलंय. यशयाचा हार घातलेला फोटो आतल्या खोलीत गेला. रागानं नाही, भिंतीवर जागा नव्हती, असं त्या सांगतात.