काळीपिवळीखालचे दिवस

कडूबाच्या आधीची दोन मुलं पाळण्यातच गेली, म्हणून आईने तिसऱ्याचं नाव कडूबा ठेवलं. कडू वस्तूला कोण हात लावतो? नाव लागू पडलं आणि पोर जगलं. आता तो छप्पन्न वर्षांचा होता. तीस वर्षं वाळूजच्या एका कारखान्यात लेथवर उभं राहून त्याने मुकुंदवाडीत घर बांधलं होतं. पुढे तीन खोल्या, मागे पत्र्याची शेड. बोलणं मोजकं, हात नेटका. कुठलंही यंत्र उघडलं की प्रत्येक भाग जुन्या लुगड्यावर, निघाला त्याच क्रमाने मांडायचा, अशी त्याची शिस्त.

शेडमध्ये त्याच्या वडिलांची जीप होती. मोतीराम सोयगाव ते सिल्लोड काळीपिवळी चालवायचे. अंग काळं, टप पिवळं, जागा दहांची आणि बसलेले अठरा. दिवाळी म्हणजे त्यांचा हंगाम. लेकीबाळी माहेरी निघायच्या, आणि त्यांना पोचवता पोचवता मोतीरामांची स्वतःची दिवाळी रस्त्यावरच व्हायची. वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंत ते जेवायला घरी बसले आहेत, असं कडूबाला एकदाही आठवत नव्हतं. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. तेव्हापासून जीप गावी लिंबाखाली गंजत पडली होती. ती त्याने उन्हाळ्यात टेम्पोवर घालून शहरात आणली.

कंपनीला सलग आठ दिवस सुट्टी मिळते ती दिवाळीतच. तेवढ्यात गाडी चालती करायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. पण त्याच सुट्टीत तनुजा हैदराबादेहून येणार होती. एकुलती मुलगी. मार्चमध्ये तिचं लग्न, म्हणजे हक्काने घरी राहण्याची ही शेवटची दिवाळी.

"दिवसा गाडी, बाकीचा वेळ तुम्हा लोकांचा," त्याने बायकोला सांगितलं.

"तुमचा बाकीचा वेळ किती उरतो ते ठाऊक आहे मला," रत्नमाला म्हणाली.

धनत्रयोदशीला सकाळी नऊला तो गाडीखाली सरकला. तासाभराचं काम होतं. बाहेर आला तर उन्हं कलली होती. आता बोलणी बसणार, म्हणून मान खाली घालून तो स्वयंपाकघरात गेला.

"जेवायला वाढ."

"पुन्हा?" रत्नमाला वळली. "अहो, दुपारी चार पोळ्या खाल्ल्या तुम्ही. मघाशी चहात चिवडा कालवून खाल्ला. शी! ही कुठली नवी सवय?"

"आणि पत्त्यांत तीनदा हरवलं मला," तनुजा आतून ओरडली. "पप्पा, लई लबाड आहात तुम्ही!"

कडूबाला वाटलं, दोघी मिळून आपली चेष्टा करताहेत. पण मोरीत खरकटी ताटं चार होती. घरात माणसंही चारच: त्या दोघी, त्याची आई सत्यभामा, आणि तो. त्याच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. चहात चिवडा कालवून खाणारा माणूस त्याने आयुष्यात एकच पाहिला होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेची आंघोळ, फराळ सगळं त्याने घरच्यांबरोबर केलं आणि मग अर्धा तास म्हणून शेडमध्ये गेला. बाहेर आला तेव्हा मायलेकी गुलमंडीतून खरेदी करून परतल्या होत्या. पिशव्या त्यानेच उचलल्या होत्या म्हणे. रिक्षावाल्याशी हुज्जतही त्यानेच घातली, आणि तीही अशी, की रिक्षावाला हसत हसत गेला. कडूबाने जन्मात कुणाशी हुज्जत घातली नव्हती. दारातल्या त्याच्या चपलांवर बाजारातल्या रांगोळीची गुलाबी पूड होती.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी त्याने शेडचं दार उघडं ठेवलं. गाडीखाली पडल्या पडल्या घरातलं हसणं ऐकू येत होतं. तनुजा हसत होती, रत्नमाला हसत होती, आणि मध्येच एक पुरुष खोकला. तो खोकला कडूबाचा स्वतःचा होता. तो झटकन बाहेर सरकला. घरातलं हसणं तिथल्या तिथे थांबलं. तो धावत आत गेला. दिवाणावर कुणी बसल्याचा खळगा होता, आणि हात लावला तर ऊबदार.

"पाणी प्यायला उठला होतात ना?" तनुजा म्हणाली. "मग असे दमलात कशानं?"

कोपऱ्यात सत्यभामा वाती वळत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"माय," तो तिच्याशेजारी बसला. "इथं कोण होतं?"

"तुला ठाऊक हाय की." तिचे हात थांबले नाहीत. "तू गाडीखाली गेलास की ते येतात. तू निघालास की त्यांना जावं लागतं. चेहरा तुझा हाय, पण बसणं त्यांचं. मी पहिल्या घासालाच वळखलं."

 कडूबा उठला, शेडला कुलूप घातलं आणि दिवसभर लेकीजवळ बसून राहिला. पण त्याला बोलायला काही सुचेना. तिने दोनदा विचारलं, "पप्पा, बरं नाही का? काल तर मजेत होतात."

पाडव्याला सकाळी रत्नमालाने त्याला ओवाळलं. पाटावर तोच बसला आहे ना, हे त्याने स्वतःला चिमटा काढून पाहिलं. थोड्या वेळाने सत्यभामा शेडपाशी आली. हातात ताट. ताटात निरांजन, अक्षता, आणि नऊ वर्षं पेटीत पडून असलेला कुंकवाचा करंडा.

"कडू, पाव घंटा जा गाडीखाली."

"माय, नाय. तनुजाचे दोनच दिवस राहिलेत."

"पन्नास पाडवे रिकामा पाट बघितला रे मी. बायका इचारायच्या, मालक कुठंयत? मी म्हणायचे, घाटात." तिने निरांजनाची वात सारली. "एकदा ओवाळू दे. झालं की हाक मारते."

"नक्की मारशील?"

"व्हय रे."

आईला नाही म्हणणं त्याला जमलं नाही. तो गाडीखाली सरकला. हातात पाना धरला, पण काम केलं नाही. तुपाच्या वातीचा वास आला. पाट सरकवल्याचा आवाज आला. मग आई कुणाशी तरी हळू बोलू लागली, लाजल्यासारखी, असा तिचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. तो हाकेची वाट पाहत राहिला. डोक्यावर गाडीचं लोखंड होतं आणि त्यातून गार हवा उतरत होती. पाव तास झाला असेल. कदाचित थोडा जास्त. हाक येईना. आईने शब्द दिला होता म्हणून त्याने आणखी थोडी कळ काढली. मग तो जमिनीला टाचा रेटत बाहेर निघाला.

शेडच्या उंबऱ्यावर आई एकटीच बसली होती. समोर पाट रिकामा. पुढे दुधाळ चहाची बशी, त्यात भिजलेला चिवडा.

"एवढी काय घाई होती तुला?" ती म्हणाली.

घरात सामसूम होती. दारापुढची रांगोळी पुसट झाली होती, आकाशकंदील उतरवून भिंतीला टेकवला होता. तनुजाच्या खोलीतला पलंग आवरलेला, बॅगेची जागा मोकळी.

"माय, तनुजा कुठंय?"

"गेली की आज सकाळी. भाऊबीज झाली, दुसरा दिवस उजाडला." सत्यभामा पदराने डोळे टिपत होती. "हाक मारणारच होते रे. रोज म्हणायचे, अजून एक घास खाऊ दे त्यांना, मग मारते."

"स्टेशनवर कोण गेलं?"

"तूच गेलास. रत्नमाला सांगत होती, गळ्यात पडून लई रडली पोर. म्हणाली, पप्पा, एवढे माझ्याजवळ तुम्ही कधीच बसला नव्हता."

कडूबाने खांद्याला हात लावला. सदरा कोरडा होता, आणि त्याला फक्त ग्रीसचा वास येत होता.