जिजीच्या हवाली

"जरा वजन उतरवते," असं म्हणत जिजी दुकानात शिरायची आणि कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून थेट माझ्या झेरॉक्स मशीनच्या काचेवर ठेवायची. मी ओरडायचो, "जिजी, काच फुटेल! तुझ्या वस्तीतली सगळी घरं विकली तरी भरपाई व्हायची नाही." ती जुडगा उचलून मांडीवर घ्यायची. "घरं कावून विकता, भाऊ? माझ्या हवाली हायेत ती." पुढच्या खेपेला जुडगा पुन्हा काचेवरच.

गेवराईत एका सहकारी बँकेसमोर माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान आहे. बँकेत जाताना माणसाचा चेहरा वेगळा असतो आणि बाहेर येताना वेगळा, हे रांगेत उभं राहून तुम्हीही कधीतरी पाहिलं असेल. मी तर त्यावरच पोट भरतो. बाहेर येताना चेहरा उतरला असेल तर माणूस अर्ज लिहायला माझ्याकडे येणार, हे ठरलेलं.

जिजी चकलांब्याकडच्या एका वस्तीवरची. दसरा झाला की वस्ती ऊसतोडीला निघायची. ट्रॉल्यांमध्ये भांडी, अंथरुणं, कोंबड्या, पोरं चढायची आणि मागे राहायची कुलूप लावलेली घरं, थोडी म्हातारी माणसं आणि जिजी. तोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि मुकादम त्यावर आगाऊ पैसे, म्हणजे उचल, देतो. जिजीचा नवरा वारला होता, मूलबाळ नव्हतं, आणि एकट्या बाईला मुकादम अर्धा कोयता म्हणतात. "अर्ध्या कोयत्याला उचल देताना मुकादमाचं तोंड मात्र पुरं वाकडं होतंय," असं ती हसून सांगायची. म्हणून ती मागे राहिली, आणि ती मागे राहते म्हणून लोक किल्ल्या तिच्याकडे देऊ लागले.

किल्ल्या सगळ्या सारख्याच दिसायच्या. त्यामुळे प्रत्येक बाईनं आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून किल्लीला बांधून द्यायची, असा जिजीचा नियम होता. जांभळी चिंधी शेजारच्या कौसाची. अमावास्येला जिजी एकेक घर उघडायची, झाडायची, वाळवी लागली का पाहायची, देवापुढे दिवा लावायची आणि पुन्हा कुलूप घालायची. पगार नाही, पाणी नाही. कारखान्यावरून येताना कुणी गुळाची ढेप आणली तर तीसुद्धा ती वस्तीतल्या पोरांत वाटून टाकायची.

एकदा वस्तीतल्या एका घरचा जावई आला आणि कार्यासाठी सासऱ्याचं मोठं पातेलं मागू लागला. जिजीनं त्याला एसटीत बसवून माझ्या दुकानात आणलं. "लावा फोन ह्याच्या सासऱ्याला." सासरा तिकडे कोल्हापूरकडे उसाच्या फडात. तो फोनवर ओरडला, "दे की गं जिजी, घरचाच माणूस हाय!" जिजी म्हणाली, "असं न्हाई. जावयाचं नाव घे आन् मग सांग." त्यानं नाव घेतलं. तेव्हा कुठे जावयाला पातेलं मिळालं, आणि फोनचे पैसेही जिजीनं त्याच्याकडूनच मला देवविले.

किल्ल्यांबरोबर तिच्याकडे पासबुकंही यायची, कारण फडावरच्या पाचटाच्या कोपीत कागद टिकत नाही. काहीजण तर पैसे काढायच्या कोऱ्या स्लिपवर सही करून द्यायचे, मागे राहिलेल्या म्हातारीला दवाखाना लागला तर असू दे म्हणून. मी कपाळाला हात लावायचो. "जिजी, कोरी सही जवळ ठेवणं म्हणजे विस्तव पदरात बांधणं." ती म्हणायची, "लोकाला इस्वास हाय. तुमाला कावून न्हाई?"

मग तो दुष्काळ आला. विहिरी तळाला गेल्या, टँकरमागे घागरी धावू लागल्या, आणि नेहमी न जाणारी माणसंही त्या साली तोडीला गेली. सरकारनं दुष्काळाचं अनुदान लोकांच्या खात्यांवर जमा केलं. जिजी अधूनमधून पासबुकांची चळत घेऊन यायची आणि एन्ट्रीचं मशीन बंद आहे म्हणून तशीच परत जायची.

पाडव्याच्या सुमाराला वस्ती परतली. कौसाचा नवरा सोपान पैसे काढायला बँकेत गेला, तर रक्कम कमी. सगळ्यांचीच कमी. त्यानं खिडकीवर विचारलं, पैसे काढले कुणी? रांग वाढलेली होती. आतून उत्तर आलं, "पासबुक कुणाकडं होतं? त्यांना विचारा."

एवढंच. दगड मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं तो कुठे लागला ते.

त्या संध्याकाळी सोपान जिजीकडे गेला. भांडला नाही. नुसतं म्हणाला, "जिजी, ती माझी सहीची स्लिप कुठं हाय?" तिनं डब्यातून कोरी स्लिप काढून दिली. "त्यानं उलटी करून बघितली, भाऊ. मागची बाजू बघितली. मी म्हनलं, काय बघतो रे? तर म्हनतो, काही न्हाई, उगं." दुसऱ्या दिवशी दुकानात हे सांगताना ती गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. मी तिला कधी रडताना पाहिलं नाही, त्या दिवशीही नाही. पण असं बसलेलं मात्र तिला मी पहिल्यांदाच पाहिलं.

आम्ही दोघं बँकेत गेलो. शाखाधिकारी तसा भला माणूस. त्यानं संगणकात पाहून सांगितलं, की खात्यात किमान रक्कम नव्हती म्हणून दर महिन्याला दंड चढत होता. शिवाय मोबाइलवर पाठवलेल्या संदेशांचं शुल्क. अनुदान जमा होताच मागचं सगळं त्यातून वळतं झालं. आता बघा, पैसे नाहीत म्हणून दंड, आणि तो कुणाला, तर ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाच! संदेश कुठल्या मोबाइलवर गेले तेही देवच जाणे. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

"मावशी, हे आपोआप होतं," साहेब म्हणाला.

"आपोआप तर आमच्याकडं पाऊस बी पडंना, साहेब," जिजी म्हणाली. "कुनी कापले?"

"बँकेनं."

"मग वस्तीवर चला आन् येवढंच सांगा. बँकेनं कापले, जिजीनं न्हाई."

साहेब हसला. त्याला वाटलं, बाई गंमत करतेय.

मी अर्ज लिहायला बसलो. दंड परत मिळावा, असं टाइप केलं आणि वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. "पैशाचं लिवा, लोकाचे हायेत ते. पन खाली माझं बी लिवा. बँकेनं मला कागद द्यावा." लोकांनी अर्जावर सह्या केल्या, सोपाननंही केली. त्यानंतर जिजीनं बीडच्या मुख्य कार्यालयाच्या खेपा सुरू केल्या. आज साहेब दौऱ्यावर, उद्या मीटिंग, परवा फाईल वर गेलीय. माझ्या टायपिंगचे पैसे ती रोखीनं देत होती. घेत नाही म्हटलं तर रागवायची. एके दिवशी तिच्या कानांत सोन्याची फुलं दिसली नाहीत. मी विचारलं. "एसटी काय फुकट नेती व्हय?" ती म्हणाली.

आणि बँक नमली! एके दिवशी सगळ्यांच्या खात्यांवर दंडाची रक्कम परत आली. मी आनंदानं पेढे मागवले. जिजीनं पेढा हातातच धरला. "आन् कागद?" मी आत जाऊन विचारून आलो. पैसे जमा झाले, विषय संपला, कागद देता येत नाही, असं उत्तर मिळालं. मी तिला म्हटलं, "अगं, पैसे आले यातच सगळं आलं."

मी किती चुकलो होतो ते वस्तीनं दाखवून दिलं. वस्तीवर लोक म्हणू लागले, बँक कधी कुणाला घेतलेलं परत देते का? जिजीनंच भरले. भिऊन भरले. बघा की, कानातली फुलंसुद्धा मोडली.

हे ऐकून माझं डोकं फिरलं. मी मोटारसायकल काढून वस्तीवर गेलो आणि पारावर बसून घसा कोरडा होईपर्यंत समजावलं. लोकांनी ऐकून घेतलं, चहा पाजला. एक म्हातारा शेवटी म्हणाला, "तुमी बोलनारच की. अर्ज तुमीच लिवले तिचे." जिजी तिच्या ओट्यावर बसून हे पाहत होती. परत निघताना ती मला म्हणाली, "उन्हाचं कावून आलात?"

पुढचा दसरा झाला. ट्रॉल्या भरल्या. तिला वाईट कुणीच बोललं नाही. "जिजी, आता तुला ह्या वयात कावून तरास," असं म्हणत ज्यानं त्यानं आपली किल्ली आपल्याच करगोट्याला बांधली. कौसानं तर मान वर करून पाहिलंही नाही म्हणे.

त्याच आठवड्यात जिजी दुकानात आली. कमरेला जुडगा नव्हता. काचेवर तिनं एकच किल्ली ठेवली, हिरवी चिंधी बांधलेली. "दुसऱ्या गावच्या टोळीसंगं चाललेय. कोपीवर पोरं सांभाळायची. हे माझं घर, तुमच्या हवाली." कधी येणार, म्हणून विचारलं, तर म्हणाली, "पाडव्याला येतेच की." मी किल्ली मशीनमागच्या खिळ्याला अडकवली.

पाडव्याच्या आधीच मुकादमाचा फोन आला. माझा नंबर तिनंच त्याला देऊन ठेवला होता. चार दिवस ताप होता, म्हातारी गेली, तिकडेच सगळं उरकलं, एवढंच तो बोलला.

पाडव्यानंतर सोपान आणि कौसा बँकेतून बाहेर पडून सरळ माझ्या दुकानात आले. चेहरे उतरलेले. "भाऊ, पुन्हा कापले," सोपान म्हणाला. "आन् खिडकीवर पुन्हा तेच इचारतेत, पासबुक कुनाकडं होतं. आमच्याच पिशवीत होतं की. पाच-सहा मैने उशाला घेऊन निजत होतो." मग खाली बघत म्हणाला, "जिजी आली का? तिला म्हनावं चल बँकेत, आमी सगळे येतो संगं."

मी सांगितलं. सोपान तिथेच पायरीवर बसला.

कौसाची नजर मशीनमागे गेली. "ही तिच्या हिरव्या लुगड्याची," ती म्हणाली. मग तिनं हात पुढे केला. "किल्ली द्या, भाऊ. घर झाडते. दिवा लावते."

मला तिचा राग आला होता, आणि तिच्याकडे बघवतही नव्हतं. हात खिळ्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"देता येत नाही, कौसा," मी म्हणालो. "हवाली आहे."

दोघं निघून गेले. ती किल्ली अजून तिथेच आहे. त्या पातेल्यासाठी निदान फोन तरी लावता आला होता. हिच्यासाठी कुणाला लावू?