माझ्या गळ्यातनं पप्पा गायले

आधीच सांगतो, ह्यात पांढरी साडी न्हाय, पिंपळ न्हाय, अमावस्या तर अजिबात न्हाय. घुंगरू-बिंगरू ऐकायला आला असाल तर पावणं, चुकीच्या दारात आलाय. रविवार, सकाळचे साडेदहा, शाहूपुरीत टायरच्या दुकानावरचा हॉल, प्लॅस्टिकच्या खुर्च्या... एवढंच हाय. आणि मी असलं काय मानणारा न्हाय. ह्या ग्रुपवरचे भुताचे किस्से वाचून पोट धरून हसणारा मीच तो.

आम्ही ख्रिस्ती. जुनं दगडी चर्च, लाकडी बाकडी, एक पेटी आणि गीतं सगळी आज्ज्याच्या काळातल्या चालीची. तिथं तीस वर्षं पुढं उभारून गायन चालवलं ते माझ्या पप्पांनी. शाळामास्तर माणूस, पण गळा असा की रस्त्यावरची माणसं थांबायची. दोन वर्षांमागं घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. आता नुसती हवा येती. तरी दर रविवारी पहिल्या बाकड्यावर पुस्तक उघडून ओठ हलवत बसत्यात. मी सगळ्यात मागं. "तू गा की रं पुढं," म्हणून दहादा म्हणाले. मी दर वेळी कायतरी जोक मारून सटकलो.

आणि... हे लिहायला लाज वाटती. मी नकला करतो. आमच्या चर्चचे पाळकसाहेब, डेअरीवाले काका, बसचा कंडक्टर — एकदा ऐकला की आवाज माझा. कट्ट्यावर एकदा पप्पांच्या त्या हवेच्या आवाजाचीबी केली. पोरं लोळली.

फक्त त्यांचा गायचा आवाज कधी जमला न्हाय. लई बघितलं करून.

तर नाताळच्या कार्यक्रमाला नकलेचा नवीन आयटम पायजे होता. माझा दोस्त आश्या शाहूपुरीतल्या त्या फेलोशिपला, म्हंजे नव्या पद्धतीच्या चर्चला जातो — कीबोर्ड, ड्रम, भिंतीवर गाण्याचे शब्द. त्यांचे पास्टर लई जोशात बोलत्यात असं ऐकलेलं. घरात सांगितलं, गडमुडशिंगीला मित्राकडं जातोय. आणि आपली उपासना बुडवून तिकडं गेलो. आवाज चोरायला.

पास्टर दोन मिनिटांत पाठ झाले. आश्याला कोपर मारून हळूच करूनबी दाखवलं.

"गप की रं," तो म्हणाला. "हितं नको."

मग प्रार्थना सुरू झाली. शेजारच्या मावशी कुणाच्यातरी सुनेसाठी रडत होत्या. मी विचारलं, "नात्यातली काय?"

"न्हाय बाळा, तिसऱ्या रांगेतली हाय. नावबी न्हाय ठावं मला."

मला हसू यायला पायजे होतं. आलं न्हाय. छातीत कायतरी हललं... आमच्या चर्चात एवढी वर्षं काढली, असं कधी झालं न्हवतं. आणि लगेच वाटलं, आत्ता तिकडं पहिल्या बाकड्यावर पप्पा ओठ हलवत असतील.

गाणं सुरू झालं आणि लाईट गेली. माईक बंद, पंखे बंद, भिंतीवरचे शब्द गायब. माणसं तशीच गात राहिली, सावकाश. मीबी तोंड उघडलं.

पप्पांचा आवाज आला.

ऑपरेशनच्या आधीचा. भरलेला. ओळीतल्या शेवटच्या शब्दाआधी ते जरा श्वास धरायचे, तोसुद्धा. बघा, नक्कल करताना मी आधी मान वाकवतो, गळा आवळतो, तयारी असती. हितं कायसुद्धा केलं न्हवतं. गाणं तर जन्मात ऐकलं न्हवतं. माझ्या डोळ्यांतनं पाणी चाललेलं आणि आवाज मातर एकदम सरळ.

पुढच्या रांगेतले एक आजोबा मागं वळले. "मास्तर, कवा आला?" मला बघितलं आणि परत पुढं वळले. पूर्वी ते आमच्याच चर्चात होते म्हणे.

गाणं संपलं, आवाज गेला.

आश्या म्हणतो, बापाचाच गळा हाय, येणारच. मग परत का येत न्हाय? बाथरूममधी, गाडीवर, पंचगंगेच्या घाटावर... सगळीकडं गाऊन बघितलं. माझाच फाटका आवाज येतो. तो पास्टरचा आयटमबी मी केला न्हाय. येतो की, पण करवत न्हाय. ह्याचं उत्तर कुणाकडं असंल तर सांगा.

शिव्या मातर त्याच संध्याकाळी मिळाल्या. त्या आजोबांनी पप्पांना फोन केलता. आई म्हणाली, "जा, बोलवत्यात."

पप्पांच्या शिव्या खायच्या तर कान त्यांच्या तोंडापाशी न्यावा लागतो. नेला.

"कुठल्या चर्चात गेलास त्याचं मला काय न्हाय. देव तिथंबी असतोय. खोटं बोललास, ते तुझ्या आईला सांग. कट्ट्यावर माझी नक्कल केलतास, तीबी कळली होती मला. सोडली." थांबले. श्वास पुरत न्हाय त्यांना. "पण माझा आवाज त्या सगळ्या हॉलनं ऐकला. दोन वर्षं झाली रं, मी न्हाय ऐकला. आणि तू घरी येऊन गपचिप जेवलास. एक शब्द न्हाय. वर दुसऱ्यांदा रस्सा मागून घेतलास, गाढवा."