पिवची पेज, परतूचा पेज

सरलाबाईंच्या वर्गाची खिडकी गडग्याच्या बाजूला आहे. गेल्या मार्चात मी शाळेचा पडलेला गडगा, म्हणजे चिऱ्यांची कुंपणभिंत, नव्याने घालत होतो, म्हणून त्यांचं काम मला जवळून ऐकायला मिळालं.

माझं आयुष्य रेडी बंदरावर गेलं. खनिजाचं जहाज लागलं की आम्ही भरायचो. माणूस काम करतोय की नुसता घाम गाळतोय हे मला आवाजावरून कळतं. फावडं पुरतं खुपसणाऱ्याचा आवाज वेगळा असतो. सरलाबाई पुरतं खुपसणाऱ्यांतल्या.

पहिलीचं पोर उठून म्हणायचं, "बाई, माका तान लागली."

बाई म्हणायच्या, "पी जा. पिऊन इलंस की माका मराठीत सांग, काय लागली होती ती."

पोर पाणी पिऊन येई आणि सांगे, "तहान लागली होती." पाणी आधी, शब्द नंतर. हा क्रम त्यांनी मोडलेला मी ऐकला नाही.

याला कारण आहे. सरला याच वाडीतली, याच शाळेत शिकलेली. तेव्हाच्या गुरुजींचा नियम होता की शाळेत शुद्ध बोलायचं. जो 'माका' म्हणेल त्याने व्हरांड्यात उभं राहायचं. सरलाला 'तान' ठाऊक होती, 'तहान' ठाऊक नव्हती. म्हणून तिने शाळेत पाणी मागितलंच नाही. सुट्टीची घंटा झाली की घरी पळायची, पाणी प्यायची आणि घंटा व्हायच्या आत परत. पुढे तालुक्याच्या स्पर्धेत धावण्यात ती पहिली आली.

"गुरुजींच्या नियमाचो तेवढोच फायदो," ती म्हणते.

गुरुजी वाईट नव्हते. त्यांनाही कुणीतरी तसंच उभं केलं असणार.

शाळेबाहेर मी तिला 'गो सरला' म्हणतो, गडग्याच्या आत 'बाई'. ती मला दोन्हीकडे 'भाई'च म्हणते. मधल्या सुट्टीत ती पायरीवर चहा घेऊन बसायची आणि मी चिरे लावता लावता विचारायचो. पोरांना घरच्या बोलीतून शिकवायचं की नाही, हे ठरवतं कोण?

"ठरयल्यानी खूप जणांनी," ती म्हणाली. "१९५६ सालात घटनेत कलम घातल्यानी. भाषेन अल्पसंख्य आसत, त्यांच्या पोरांका लहानपणी मातृभाषेतून शिकवची सोय करा."

"मगे आपली सोय?"

"आपण खंय अल्पसंख्य? सरकारच्या लेखी आपण मराठीच. घरचेच. घरच्या माणसाक जेवलंस काय म्हणान कोण इचारता?"

आणि चहा संपवून ती हसत आत गेली. जाता जाता म्हणाली, "भाई, गडगो वायच पोटात इलोसो दिसता."

मी दोरी लावून बघितलं. मधे जरा फुगला होता. उतरवून पुन्हा लावला.

ती नोकरीला लागली १९९०च्या सुमाराला. लागली तशी पहिलीच्या पोरांशी मालवणीत बोलायला लागली. तपासणीला आलेले साहेब म्हणाले, बाई, हे घर नाही. तिने 'हो सर' म्हटलं आणि साहेबांची गाडी वळली तशी पुन्हा सुरू केलं. पण पोरं मालवणीत सोडून दिली नाहीत. जून ते दिवाळी मालवणी पुढे, मराठी मागे. दिवाळीनंतर उलट. हे तिचं स्वतःचं माप. कुठल्या कागदावर ते तिला सापडलं नव्हतं.

मग २००० साल आलं. सरकारने ठरवलं की मराठी शाळांतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी शिकवायचं. सरलाला स्वतःला इंग्रजी बोलायचा सराव नव्हता. ती रोज रेडिओवरच्या इंग्रजी बातम्या लावून पाठोपाठ बोलायची. शेजारीपाजारी म्हणायचे, बाईंक वारा लागला. जीभ वळेपर्यंत तिने ते सोडलं नाही.

त्याच वर्षी वर्गात तिने पहिल्यांदा म्हटलं, "पेज नंबर पाच काढा."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक पोर उठून म्हणालं, "बाई, पेज घराक ऱ्हवली."

दुसऱ्याने सांगितलं, "माझी आवशीन डब्यात घातलीच नाय. सांडता म्हणान."

आमच्याकडे पेज म्हणजे उकड्या तांदळाची, सकाळी न्याहारीला, मीठ घालून. शाळेत काढायची वस्तू ती नव्हेच. दुसरी कुणी शिक्षिका रागावली असती किंवा हसली असती. सरलाने फळ्यावर एका बाजूला वाडगा काढला, दुसऱ्या बाजूला पुस्तक, आणि पोरांकडून म्हणून घेतलं:

"ही पिवची पेज. ह्या परतूचा पेज."

पिवची, म्हणजे प्यायची, ती बाई; परतूचा, म्हणजे उलटायचं, ता नुसता ता, मराठीतलं 'ते'. पोरांना एका दमात दोन भाषा आणि वर व्याकरण मिळालं. तेव्हापासून दर वर्षी पहिलीला हा धडा आहे. पुस्तकात नाही, पण आहे.

२०१० साली शिक्षणहक्काचा कायदा लागू झाला. त्यात लिहिलं होतं, शिकवण्याचं माध्यम शक्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावं. प्रशिक्षणाला साहेबांनी हे वाचून दाखवलं. सरलाने हात वर केला.

"सर, शक्य आहे की नाही हे कोण ठरवणार?"

साहेबांनी कागद पुन्हा वाचला. मग म्हणाले, "तुम्हीच ठरवायचं, बाई. वर्ग तुमचा आहे."

ती म्हणते, त्या दिवशी ती शाळेपर्यंत पळत आली असती, फक्त वय आड आलं. जे ती इतकी वर्षं गाडी वळल्यावर करत होती, ते आता गाडीसमोर करता येणार होतं. २०२० साली नवं धोरण आलं, त्यातही पाचवीपर्यंत घरची भाषा, आणि पुन्हा तेच, शक्य असेल तेथे. २०२५ साली पहिलीपासून तिसरी भाषा आणायचा निर्णय निघाला, गाजला, मागे घेतला गेला. सरला आपली जून ते दिवाळी, दिवाळी ते मे.

'शक्य असेल तेथवर' हे मला पटत नव्हतं. बंदरावर असं कुणी म्हटलं असतं तर जहाज अर्धं भरून गेलं असतं. मी तिला तसं म्हटलंही.

"म्हणान तर माका बरा वाटता," ती म्हणाली. "जो जास्त काम करीत, तेका जास्त शक्य."

आता मार्चातली गोष्ट.

सुशांत आमच्या शेजारचा. रिक्षा चालवतो, पर्यटकांना गणपती आणि यशवंतगड दाखवतो. त्याची मुलगी गौरजा पहिलीत, सरलाबाईंच्या वर्गात. सुशांतने ठरवलं की जूनपासून तिला बाहेरच्या इंग्रजी शाळेत घालायचं. त्या शाळेची गाडी रोज सकाळी वाडीच्या तोंडाशी येऊन हॉर्न मारते. गौरजा गेली की तिच्या सोबतीची बाकी पोरंही जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. मग शाळेचा पट इतका खाली येणार की ती दुसऱ्या शाळेत मिळवून टाकतील. सरला पुढच्या वर्षी निवृत्त होते. तिची एकच इच्छा होती की आपण शाळेला शेवटचं कुलूप लावू ते दुसऱ्या दिवशी कुणीतरी उघडावं.

सुशांत माझ्याजवळ येऊन उभा राहिला. "भाई, बंद पडूच्या शाळेक गडगो कित्याक घालतास?"

"अर्धो गडगो मी सोडणंय नाय," मी म्हटलं. "तुका काय त्रास?"

"त्रास काय नाय. पण चेडू शाळेतसून येता आणि आमच्यासारखाच बोलता. तसा बोलूक आमी घरात शिकवतोच. बाई कित्याक व्हयी?"

"ह्या तू बाईंका सांग."

"सांगतलय. सभेत सांगतलय."

शनिवारी पालकांची सभा झाली. खिडकी उघडी होती. मी हातातला चिरा खाली ठेवला. सुशांत, त्याची बायको दिव्या, त्याची आई राधाबाई, बाकीचे आईबाप, सगळे पोरांच्या बाकांवर गुडघे वर करून बसले होते. पोरं पुढे जमिनीवर. नवे केंद्रप्रमुख विनीत सर आले होते. माणूस तरुण, मराठवाड्याकडचा, इकडे येऊन थोडेच दिवस झालेले. रुमालाने मान पुसत होते.

सुशांत उठला आणि सभेचं म्हणून मराठीत बोलायला लागला. "सर, आमची तक्रार नाही. बाई मेहनती आहेत. पण माझ्या मुलीला उद्या बाहेरच्या माणसाशी बोलायचं आहे. इथे मालवणी बोलून ती काय बोलणार? मला एक दाखवा की ती बाहेरच्या माणसाशी बोलू शकते. मग मी गाडी नको म्हणतो."

मागून कुणीतरी म्हणालं, "आमी पण."

सरला जागेवरून हलली नाही. फक्त म्हणाली, "सर बाहेरचेच आहेत. त्यांनी विचारावं. काय वाटेल ते."

म्हणजे तिने काही बसवून ठेवलं नव्हतं. मला तिची काळजी वाटली. पोर ऐनवेळी गप्प बसतं, हे तिच्याइतकं कोण जाणतं.

विनीत सर गौरजाजवळ उकिडवे बसले. इंग्रजीचं पुस्तक तिच्या हातात दिलं. "सांग बाळ, तुला कोणतं पेज आवडतं?"

गौरजाने पुस्तकाकडे बघितलं. मग सरांकडे. मग म्हणाली, "सर, तुम्ही परतायचं पेज विचारताय ना? प्यायची पेज नाही ना?"

बाक कुरकुरले. राधाबाईंनी तोंडाला पदर लावला.

"प्यायचं पेज?" सर म्हणाले. "पेज कसं पितात?"

"प्यायचं नाही, सर. प्यायची," गौरजा म्हणाली. "ती पेज. भाताची असते. उकडे तांदूळ खूप शिजवतात आणि पाण्यासकट पितात. परतायचं असतं ते पेज." आणि तिने पान उलटून दाखवलं.

"आणि हे सगळं इंग्रजीत सांगायचं तर?"

गौरजाने छतावरच्या कौलांकडे जरा वेळ बघितलं. दिव्याने सुशांतचा हात धरलेला मला खिडकीतून दिसत होता.

"धिस पेज, आय रीड," ती पुस्तकावर बोट ठेवून म्हणाली. "दॅट पेज, आय ड्रिंक. विथ सॉल्ट."

मग तिला मागे बसलेली आजी आठवली असावी. ती वळून म्हणाली, "आजये, सरांका पेज म्हायत नाय."

राधाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "म्हायत नाय? मगे सकाळी काय पितत ते?"

"चहा," सर म्हणाले. त्यांना तेवढं समजलं होतं.

"रिकाम्या पोटार चाय? म्हणान घाम पुसतत," राधाबाई म्हणाल्या, आणि उठून घरी गेल्या. घर शाळेमागेच. परत आल्या त्या पितळेचा वाडगा घेऊन, वर खोबऱ्याची चटणी.

सभा थांबली. सर पेज प्यायले. सगळी पोरं बघत होती. संपल्यावर त्यांनी वाडगा खाली ठेवला आणि गौरजाला विचारलं, "ही आवडली. तुमच्याकडे कसं म्हणतात?"

"बरी लागली," गौरजा म्हणाली.

"बरी लागली," सर म्हणाले.

"'ला'वर जोर देताय, सर. जोर 'बरी'वर द्यायचा," ती म्हणाली, आणि आता मात्र सरलाबाई पहिल्यांदा तोंड फिरवून हसल्या.

सुशांत अजून उभाच होता. सभेची मराठी तो विसरला. "माझ्या चेडवान त्यांका शिकवल्यान," तो दिव्याला म्हणाला. "बगलंस मां? सायबाक."

"मिया बगलंय," दिव्या म्हणाली. "आता खाली बस. गाडयेवाल्याक काय सांगतलंस?"

"सांगतंय. उद्यापासून हंय हॉर्न मारू नको म्हणान."

"उद्या रविवार रे," मागून कुणीतरी म्हणालं.

"मगे सोमवारपासून."

मागच्या बाकांवर कुजबूज झाली. मग मघाशी 'आमी पण' म्हणालेला आवाज पुन्हा आला. "आमी पण."

सरलाबाईंनी आभार मानले नाहीत. फळ्याजवळ गेल्या आणि खडू घेतला. म्हणाल्या, "सभा संपली. पोरांनो, वह्या काढा. शनिवार असला तरी घंटा व्हायची आहे."

सोमवारी गाडी वाडीच्या तोंडावरून न थांबता गेली. मी आपल्या कामाला लागलो. थोड्या वेळाने सुशांत आला, रिक्षा बाजूला लावून. एक चिरा उचलला आणि गडग्यावर ठेवला.

वर्गातून आवाज येत होता. पोरं एका सुरात म्हणत होती, पिवची पेज, परतूचा पेज.

मी सुशांतचा चिरा बघितला. तोंड आत ठेवलं होतं.

"काढ तो," मी म्हटलं. "गुळगुळीत बाजू भायर येवक व्हयी. परत लाव."

त्याने काढला आणि परत लावला.