कमजोर सेलचा आवाज

आमच्या घरी टेप बाबांचा होता. घराचा नव्हे, बाबांचा. तो त्यांच्याबरोबर तलावावर जायचा, डोंग्यात बसायचा, जाळं वाळत घातलं की त्याच बांबूला लटकायचा आणि संध्याकाळी सायकलच्या हँडलला अडकून घरी यायचा. आई म्हणायची, "मले एकदा तरी असं सायकलवर फिरवलं का या माणसानं?" बाबा टेपचं बटण दाबायचे.

त्या टेपवर एकाच गायकाच्या कॅसेटी वाजायच्या. हिंदी सिनेमातला फार मोठा गायक. बाबा त्याचं नाव कधी घेत नसत, नुसतं 'तो' म्हणत. "लाव त्याले," म्हटलं की कॅसेट लावायची. त्यामुळे मीही इथे त्याला 'तो'च म्हणणार आहे.

टेपला चार मोठे सेल लागत, आणि नवे सेल घेणं म्हणजे बाबांच्या मते निव्वळ उधळपट्टी. सेल उतरले की आई ते मोहफुलांच्या बाजूला उन्हात वाळत घालायची. थोडा वेळ त्यांत जीव यायचा. तोही संपला की बाबा सेल दाढेखाली दाबायचे, मग आणखी दोन गाणी निघायची. टेप अगदीच मुका झाला तरच ब्रह्मपुरीच्या बाजारातून नवे सेल येत. नवे आले की सुरुवातीचे काही दिवस तो टेपमधून जरा पळत सुटायचा. मला वाटायचं, नव्या सेलांची त्याला चढली आहे. मग तो शांत व्हायचा, आवाज खाली उतरायचा, जाड आणि निवांत व्हायचा, आणि मी म्हणायचो, आता आला आपला माणूस जागेवर.

माझा असा पक्का समज होता की त्याचा खरा आवाज हाच. ब्रह्मपुरीच्या स्टँडवर चहाच्या हॉटेलात तीच गाणी वाजायची तेव्हा ती घाईत आणि चिरक्या आवाजात वाटायची. मला वाटे हॉटेलवाल्याचा टेप बिघडलाय. रेडिओवरही तो घाईतच. तर रेडिओवाल्यांना बातम्या द्यायच्या असतात, म्हणून ते गाणी पळवतात, असं मी वर्गात ठासून सांगितलं होतं आणि कोणी नाही म्हटलं नव्हतं. आमच्या गावात सगळ्यांच्या घरी टेप होते आणि सगळ्यांचे सेल उन्हात वाळत होते.

तलावाच्या पाळीवर बसून मी त्याच्याबरोबर गायचो. आधी मोठ्यानं, मग त्याच्या मागे मागे, मग असा की बाबांनी टेप बंद केला तरी गाणं चालूच राहायचं. लग्नघरी लोक मला ओढून न्यायला लागले. वाजंत्री नाही, पेटी नाही, नुसता मी. "डोये मिटून आयका," एक म्हातारे भाऊ मांडवात सगळ्यांना सांगायचे, "तोच बसला आहे इथी!" त्या एका वाक्यावर मी आठ-आठ दिवस हवेत असायचो.

हे नव्वदीच्या मधल्या वर्षांतलं. बारावीनंतर मी धड ना शेतीत, ना तलावावर. अशात गणपतीत चंद्रपूरला, आमच्या बोलीत चांद्याला, मावसभावाकडे गेलो आणि तिथे एका चौकात ते पाहिलं, ज्यानं माझं डोकं फिरलं. स्टेजवर एकच माणूस. पांढरे कपडे, पांढरे बूट, हातात माईक. मागे वादक नाहीत, तरी वाजंत्री सगळी वाजतेय! संपूर्ण संध्याकाळ हा माणूस एकाच गायकाची गाणी गात होता आणि लोक त्या गायकासाठी आणि या माणसासाठी मिळून टाळ्या वाजवत होते. मावसभावानं सांगितलं की अशा कॅसेटी मिळतात, त्यात गाणं नसतं, नुसती वाजंत्री असते. मला झोप कसली येते! दुसऱ्या दिवशी अख्खा बाजार पालथा घालून आम्ही 'त्याच्या' गाण्यांची तशी कॅसेट मिळवली. परतीच्या एसटीत ती मी खिशात ठेवली नाही, हातातच धरून बसलो.

घरी आल्या आल्या बाबांच्या टेपमध्ये घातली. सेल नेहमीसारखे उतरलेले. वाजंत्री सुरू झाली आणि मी तोंड उघडलं, तर काय सांगू! सूर असा बसला की दारातली आई सूप हातात धरून उभी राहिली. जिथे त्याचा आवाज असायचा तिथे रिकामी जागा होती, आणि त्या जागेत मी नेमका मावत होतो. मी त्या संध्याकाळी तलावाला तीन वेळा वळसा घालून आलो.

बाबांना मात्र हे पटत नव्हतं. गाणं ऐकावं, त्यावर पोट भरू नये, असं त्यांचं म्हणणं. बरीच हुज्जत झाल्यावर ते म्हणाले, "मंडईत गाऊन पाय. लोकं बसून राह्यले तं गा बाप्पा जिंदगीभर. उठून गेले तं दुसऱ्या दिवसापासून डोंग्यावर यायचं, अन् मंग गाण्याचं नाव काढायचं नाई." मी एका पायावर कबूल झालो. दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे आमच्याकडच्या जत्रेत, आसपासची सगळी गावं लोटतात, दिवसभर दंडारीचे नाच, दुकानं, आणि जेवणानंतर नाटक. नाटक लागायच्या आधीची संध्याकाळ मोकळी होती. मंडई भरवणाऱ्या मंडळानं ती मला दिली.

मी शाळेतले जुने कॅनव्हासचे बूट चुन्यानं पांढरे केले. पेंटरकडून बोर्ड रंगवून घेतला: 'एकच माणूस, एकच आवाज'. पानठेल्यावर कोणीतरी लगेच पुढे जोडलं, "अन् एकच आयकणारा!" मीही हसलो. त्या दिवसांत मला कशाचाच राग येत नव्हता.

मंडईच्या दिवशी आई रस्त्याच्या कडेला उकडलेल्या शिंगाड्यांचा ढीग घेऊन बसली होती, पण मान सारखी स्टेजकडे. बाबा तलावावरून थेट आले, धोतर गुडघ्यापर्यंत ओलं, सायकलला टेप. ते सगळ्यात मागे उभे राहिले. समोर अंथरलेल्या भाताच्या तणसावर माणसंच माणसं. साउंडवाल्यानं माझी कॅसेट त्याच्या मोठ्या डेकमध्ये घातली, जनरेटर घरघरला, आणि मी माईक धरून डोळे मिटले.

वाजंत्री पळत सुटली.

मला कळेना काय झालं. तेच गाणं, पण वर चढलेलं आणि भराभर जाणारं. मी त्याच्यामागे धावलो. पहिलं कडवं कसंबसं पकडलं, आणि वरच्या सुराला माझा आवाज कोंबड्यासारखा फाटला. पोरं खिंकाळली. मी साउंडवाल्याकडे पाहून ओरडलो, "हळू कर!" तो म्हणाला, "भाऊ, हे मशीन आहे. येची हीच चाल आहे." मी पुन्हा सुरुवात केली, पुन्हा फाटलो. मागची एक रांग उठली, धोतरं झटकू लागली. माझ्या डोळ्यांसमोर डोंगा आला, त्यातलं पाणी उपसायचं डबडं आलं.

तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बाबा पुढे आले. त्यांनी सायकलवरचा टेप स्टेजवर ठेवला आणि म्हणाले, "येच्यात लाव. येचे सेल कमजोर आहेत."

मी टेपकडे पाहिलं. मग माझ्या डोक्यात उजेड पडला, सगळा एकदम: हॉटेल, रेडिओ, नव्या सेलांची चढलेली नशा. बिघडलेला टेप आमचाच होता! आयुष्यभर मी ज्याची हुबेहूब नक्कल केली, तसा गाणारा माणूस कुठे नव्हताच. पण विचार करायला वेळ कुठला! साउंडवाल्यानं दुसरा माईक टेपच्या तोंडाशी लावला. बटण दाबलं. वाजंत्री आली, जाड, निवांत, आमच्या पाळीवरची. मी गायलो.

धोतरं झटकणारे खाली बसले. दुसऱ्या गाण्याला बायका शिंगाडे सोलायच्या थांबल्या. ते मांडवातले म्हातारे भाऊ पुढेच होते, ते ओरडले, "हा! आता आला तो!" त्यांच्याही घरी सेल उन्हातच वाळत होते ना.

तिसऱ्या गाण्याला मात्र टेपनं मान टाकली. सूर खाली, आणखी खाली, आणि बंद. बाबांनी सेल काढून दाढेखाली दाबले, काही उपयोग नाही. मी माईकवर म्हणालो, "कोणाजवळ सेल आहेत काय?" जंगलातून घरी जायचं म्हणून प्रत्येकाच्या हातात बॅटरी होती. धडाधड हात वर झाले, सेल पुढे येऊ लागले. बाबांनी माझ्या हातून माईक ओढला. ते जन्मात माईकवर बोलले नव्हते.

"नवे नको," ते म्हणाले. "ज्याच्या बॅटरीचा उजेड पिवळा पडते, त्यानंच द्या."

अख्खी मंडई हसली. मग शेकडो बॅटऱ्या एकदम पेटल्या, लोक एकमेकांचे उजेड तपासू लागले. "माह्या पांढरा आहे बाप्पा, तुह्या दाखव!" "मावशीचा पायजा, कसा पिवळाजरद आहे!" ज्याचा उजेड सगळ्यात मेलेला तो सगळ्यात ऐटीत सेल पुढे देत होता. त्यांना त्या उजेडात घरी जायचं होतं, तरी देत होते. माझ्या पोटात आनंद मावेना. मी रडत होतो की हसत होतो, आजही सांगता येणार नाही. नाटकवाले पडद्याआडून डोकावून थकले, पण लोकांनी मला खाली उतरू दिलं नाही. कोणी उठलं नाही.

सकाळी जाग आली तेव्हा बाबा तलावावर गेले होते. मला उठवलं नव्हतं. टेप माझ्या उशाशी होता. मी तो उचलून तसाच पाळीवर धावलो. डोंगा पाण्यात बराच आत होता.

"बाबा, टेप राह्यला!" मी ओरडलो.

"राहू दे तुह्याजवळ," पाण्यावरून आवाज आला.

मी घोट्यापर्यंत पाण्यात उतरलो. मग विचारलंच, "तुमाले मालूम होतं, तो असा गात नाई म्हणून?"

"मालूम होतं न. चांद्याच्या हॉटेलात आयकलं होतं मी त्याले. लगित घाई करते तो."

"मंग मले सांगतलं काऊन नाई?"

बाबांनी वल्हं थांबवलं.

"सांगतलं असतं," ते म्हणाले, "तं तू त्याच्यासारखा गायला असता."