तलासरीच्या अंगणात सांगितलेली पाणबुडी

बर्फाच्या खणाचं झाकण आतून वाजत होतं, ते मला ऐकू येत होतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोलाही नाही.

तेव्हा मी मासेमारीच्या बोटीवर तांडेल होतो. बोट माझ्या हुकमानं चालायची. मोसम सुरू व्हायच्या आधी तांडेलानं तलासरीच्या पाड्यांवर जायचं, खलाशी गोळा करायचे आणि घरच्यांना शब्द द्यायचा, "नेला तसा आणून सोडीन." त्या वर्षी एकाचं ओळखपत्र आलं नव्हतं. माणूस कामाचा, म्हणून तसाच नेला. समुद्रात गस्तीची बोट आमच्याकडे वळलेली दिसली तेव्हा मी त्याला खणात उतरवला, जिथं बर्फात मासळी ठेवतात तिथं. म्हटलं, "सहन नाही झालं तर ठोक, लगेच उघडतो."

गस्तवाले कागद बघत राहिले. मी झाकणावर बसलो होतो. खालून ठोकलं. पुन्हा ठोकलं. बोट जप्त झाली तर मोसम गेला, एवढंच डोक्यात. मी इंजिनवाल्याला मशीन जोरात ठेवायची खूण केली आणि साहेबांना पापलेट यंदा कुठं मिळतंय ते सांगत बसलो. ते लांब गेल्यावर झाकण काढलं. त्याचे ओठ निळे पडले होते, नखं तुटली होती.

"इंजिनच्या आवाजात ऐकू आलं नाही रे," मी म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली.

तो पुन्हा समुद्रावर आला नाही. अच्छाडच्या एका ढाब्यावर, बाहेरच्या चुलीपाशी काम करतो. घरात झोपत नाही, पावसातसुद्धा पडवीतच.

गेल्या वर्षी मी मुलीकडे जर्मनीला गेलो. ती तिथं नर्स आहे. तिनं हौसेनं दुसऱ्या महायुद्धातली एक पाणबुडी दाखवायला नेलं. समुद्राकाठी वाळूवर उभी करून ठेवलीये. आत एकाच दिशेनं जायचं, गोल दारांतून वाकून, आधी एक पाय टाकून. पुढं माणसं, मागं माणसं, मधूनच परत फिरता येत नाही. एका गोल दारात माझे पाय उचलेनात. भिंतीला हात लावला तर थंड लोखंड. मुलगी मागून म्हणाली, "पप्पा, चला ना, लोक खोळंबलेत." कसाबसा बाहेर आलो आणि तिथंच ठरवलं, गावी गेलो की त्या खलाशाला खरं सांगायचं.

परवा माझ्या गावाहून, नरपडहून, चिकूची पिशवी घेऊन त्याच्या पाड्यावर गेलो. त्यानं अंगणात खाट टाकली.

"तांडेल, काय बघितलंस जर्मनीत?" त्यानंच विचारलं.

पाणबुडीपासून सुरुवात करू, मग खणावर येऊ, असा माझा बेत. म्हटलं, "युद्धात बांधलेली. पार वर, नॉर्वेच्या अंगाला बर्फाळ समुद्रात धाडली, रशियाला माल नेणारी जहाजं बुडवायला. माणसं दाटीनं भरलेली. बिछाने कमी, एक उठला की त्याच्याच गरम जागेवर दुसरा."

"आणि संडास, दादा?" त्याची बायको सुपात तांदूळ पाखडत होती.

"दोन. त्यातल्या एकात खायचं सामान भरलेलं."

"बाई गं! म्हणजे माझं सासर बरं."

"मग बुडाली?" त्यानं विचारलं.

"नाही. युद्ध संपलं तेव्हा नॉर्वेच्या बंदरात उभी होती. नॉर्वेवाल्यांनी ताब्यात घेतली, नवं नाव दिलं, आपले खलाशी घालून चालवली. पुढं जर्मनांना परत दिली."

"शाणे लोक. आपल्या धरलेल्या बोटी पाकिस्तानात कुजतात."

"आता तिकीट काढून लोक आत जातात."

"तिकीट काढून कोंडून घेतात? येडे हाय का!" तो हसला. मग चिकू हातात फिरवत म्हणाला, "आतून ठोकलं तर वर ऐकू जायचं का रे?"

सूप थांबलं.

"वर शत्रूची जहाजं कान लावून असायची," मी म्हणालो. "आत पाना पडला तरी कळायचं. म्हणून सगळे गप पडून राहायचे."

"लोखंड ना. लोखंडातून जातो आवाज. आपली बोट लाकडाची, म्हणून तुला ऐकू आलं नाय."

किती सहज बोलला. हे उत्तर त्यानं माझ्यासाठी कधीचंच शोधून ठेवलं असावं. बायको म्हणाली, "मग काय, दादांना ऐकू आलं असतं तर उघडलं नसतं का?"

मी म्हणालो, "हो, लाकडाचीच होती." आणि चहा प्यायलो.

हे मी लिहिलंय, पण त्याला वाचता येत नाही, म्हणजे हे त्याला सांगितलं असं धरायचं नाही. त्याच्या अंगणात, त्याच्या बायकोदेखत, मला ऐकू आलं होतं आणि मी उठलो नाही, एवढं सांगायचं मी त्याचं देणं लागतो.