काकाची गॅसची गोळी

माहा काका जागेश्वर गोळीबार चौकाच्या मागं राहते. अर्धी जिंदगी हातमागावर गेली. तवा एकदा बसला की चार-चार घंटे उठत नव्हता. आता साड्यांच्या दुकानात गठ्ठे बांधते आन् घडीघडी मोरीकडे पळते. दुकानातले पोट्टे हसत. मी एकाची कॉलर धरली, तवापासून नाई हसत.

माहा बाप त्याचा मोठा भाऊ. प्रोस्टेटच्या कॅन्सरनं गेला. पेशाबातून रक्त जाऊन राहिलं होतं, तरी शरमेनं कोणाले बोलला नाई. मी नववीतच शाळा सोडली. काकानं पोसलं मले.

म्हणून त्याले मी धरूनच डॉक्टरकडे नेलं. कॅन्सर नव्हता, प्रोस्टेट फुगलं होतं. डॉक्टरनं रोजची एक गोळी देल्ली. म्हणाले, "यानं लघवीचा त्रास कमी होईल. कॅन्सरचा धोकाही थोडा कमी होतो. होणारच नाही अशी गॅरंटी नाही, तपासणी करत राहायची."

घरी काकानं सांगतलं, गॅसची गोळी हाये.

त्याले गोळी गिळता येत नाई. सून वैभवी रोज खलबत्त्यात कुटून शहदात कालवून दे.

पुढच्या तपासणीले डॉक्टरनं इचारलं, "गोळी घेता ना बरोबर?"

"घेतो ना जी. सून कुटून देते," काका ऐटीत म्हणे.

डॉक्टरचा पेन थांबला. "सून गरोदर तर नाही? पोटात मुलगा असला तर हा चुरा त्याच्यासाठी वाईट. तिनं हात लावायचा नाही."

काकानं माह्याकडं पाहिलं. मले काय माहीत? आमच्या घरी तीन महिने होईपर्यंत असं कोणी सांगत नाई.

आम्ही ऑटोनं परत आलो. घरी वैभवी खलबत्ताच धुऊन राहिली होती. सासरा सुनेले हे इचारीन कसा? त्यानं काकूले हाक मारली.

"मनकर्णा, ते गोळी गॅसची नाई वं. पेशाबाच्या जागेची हाये. दादा ज्यानं गेला, ते मले होऊ नये म्हणून."

"हळू बोला जी. दरवाजा उघडा हाये."

"राहू दे उघडा. पोरीले दिवस असतीन, तर तिनं त्याले हात नाई लावायचा."

वैभवी खाली पाहत म्हणे, "दुसरा महिना हाये, मामाजी."

"मीच म्हटलं, कोणाले सांगू नको," काकू बोलली.

काका खाली बसला. "तुम्ही ते लपवलं, मी हे लपवलं. शाबास आपली."

दुसऱ्या दिवशी वैभवीले लेडी डॉक्टरकडे नेलं. ते म्हणे, हाताले लागून आत फार थोडं जाते, पण आता बंद करा, सोनोग्राफीत नीट पाहू. पाचव्या महिन्यापर्यंत घरात कोणी धड जेवलं नाई. मग सोनोग्राफी झाली. बाळ ठीक हाये.

काका आता गोळी अख्खी गिळते, केळ्यासंगं. पहिल्यांदा ओकला. परवा चहाच्या टपरीवर एकानं इचारलं, कायची गोळी गा? काका सगळ्यांसमोर म्हणे, "प्रोस्टेटची. तुह्या बापाले इचार, रात्री कितीदा उठते. आन् घेऊन ये त्याले."